पुरंदरवरच्या जर्मन बायकांचा गुन्हा काय होता?

उमेळे (वसई) : पाऊस लागला की उमेळे-नायगावची पोरं पुरंदरचा ट्रेक ठरवतात. संभाजी महाराजांचा जन्म, १६६५ चा तह एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात याच गडावर जर्मन बायका-मुलांना स्थानबद्ध ठेवलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नेमकं काय घडलं?

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. भारतातल्या जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यांना आधी अहमदनगर, मग देवळाली आणि शेवटी डेहराडूनला नेलं. बायका-मुलांची रवानगी सातारा आणि पुरंदरच्या 'पॅरोल' छावण्यांत झाली. तिथे कोठडी नव्हती, पण ठरलेली हद्द ओलांडणार नाही, असा शब्द द्यावा लागे.

मग या होत्या तरी कोण?

कुणी मिशनऱ्याची बायको, कुणी कंपनीतल्या साहेबाची. काहींना हिटलर देवासारखा, तर काही ज्यू, त्याच हिटलरच्या तावडीतून सुटून भारतात आलेल्या. चौकशीनंतर बऱ्याच ज्यूंना सोडलं. पण १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि काहींना पुन्हा आत टाकलं. छळणारे आणि छळलेले एकाच छावणीत!

कळस झाला नोव्हेंबर १९४१ मध्ये. परदेशातल्या ज्यूंचं नागरिकत्व जर्मनीने काढून घेतलं. ब्रिटिशांनी युद्धकाळात हा बदल मानला नाही. म्हणजे जर्मनीच्या लेखी त्या जर्मन नव्हत्या आणि ब्रिटिशांच्या लेखी मात्र शत्रूच. बाई काय करते, काय मानते हे पाहायचं सोडून सरकारने तिचा पासपोर्ट पाहिला. हा अन्यायच होता.

अर्थात 'आम्ही साध्या गृहिणी' एवढ्याने सगळ्यांची सुटका होत नाही. जर्मनीत नाझींच्या महिला संघटनेच्या सदस्य २० लाखांहून अधिक होत्या. चार किंवा जास्त मुलं झाली की 'मातृपदक' मिळे. ज्यू आईला ते नव्हतं. शेजारीण गायब झाली तरी अनेकींनी दार लावून घेतलं.

युद्धानंतर काय?

१९४६ च्या अखेरीस अनेक कुटुंबांना मुंबईहून जहाजाने हॅम्बुर्गला पाठवलं. बॉम्बहल्ल्यांनी ते शहर १९४३ मध्येच बेचिराख झालं होतं. रेशन तुटपुंजं, घरं पडलेली, हजारो पुरुष अजून युद्धकैदी. तिथल्या बायका विटा साफ करून रचत होत्या. पुरंदरवर वाढलेल्या काही मुलांनी जर्मनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, ऐन थंडीत.