कुंकू राहिलं, सातबाऱ्याचं काय?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. करोनानं ऐन तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी जणींना एकटं केलं होतं. त्या दिवसांत हा ठराव आला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. आपल्या सगळ्यांनाच बरं वाटलं.

मैत्रिणींनो, बरं वाटायलाच हवं होतं. पण ठराव कागदावर होतो आणि बांगड्या घरात फुटतात. त्या फोडतं कोण? पुरुष तर बाहेर तिरडी बांधत असतात. आत बाईला धरून बसवतात, कपाळ पुसतात, हात आपटतात त्या आपणच – जावा, नणंदा, शेजारणी. आणि संक्रांत आली की वाणाच्या ताटाभोवती कुणाला बोलवायचं, कुणाला टाळायचं, हेही आपणच ठरवतो.

इथं एक जुनी गोष्ट आठवते. विधवांचं केशवपन होत असे तेव्हा, १८९० साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं. शास्त्रार्थाच्या वादात ते पडले नाहीत. वस्तरा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला. आज बांगड्या फोडणारे हात आपले आहेत. ते मागे घ्यायला आपल्याला कुठल्या परिपत्रकाची वाट बघायला नको.

एवढं झालं तरी अर्धंच काम होतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल व्यासपीठावर फारसं कुणी बोलत नाही, कारण तिथं प्रश्न जमिनीचा आणि घराचा येतो.

बचतगटाच्या कामानिमित्त गावोगाव हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसते. कुंकवाला घरचे लोक हल्ली पटकन तयार होतात. "लाव बाई, आमची काही हरकत नाही," असं सासरे स्वतः म्हणतात. मग तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दीर कागद घेऊन येतो. "वहिनी, एवढी सही करा, पोरांच्याच भल्याचं आहे." कागद असतो हक्कसोडपत्राचा. म्हणजे, माझा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला! बाई विचारते, "यात काय लिहिलंय?" त्यावर उत्तर ठरलेलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" झालं! बाई सही करते.

कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे आणि आजकालचा नाही, १९५६ सालचा आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (बौद्ध, जैन, शीख यांनाही तो लागू आहे) मृत्युपत्र न करता नवरा गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. साधा हिशेब करू. नवऱ्यानं स्वतः घेतलेली चार एकर जमीन आहे आणि मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी व आई आहेत. तर प्रत्येकाला एक एकर. हे चौघं असताना दिराचा त्यात काही हिस्सा नाही. जमीन वडिलोपार्जित असेल, तर नवऱ्याच्या वाट्याला जेवढी येते तेवढ्याची अशी वाटणी होते. आणि तिनं पुढे दुसरं लग्न केलं, तरी नवऱ्याकडून वारसानं मिळालेला हिस्सा तिचाच राहतो. 'लग्न केलंस तर जमिनीवर पाणी सोडावं लागेल' ही धमकी पोकळ आहे.

मग अडतं कुठं? उताऱ्यावर अडतं. वारसनोंद झाली म्हणजे नाव लागलं असं आपण समजतो, पण नाव कसं लागलं ते वाचायला हवं. कुठं थोरल्या दिराचं नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून असतं आणि बाकीचे कुठंच दिसत नाहीत. कुठं लहान मुलांची नावं असतात आणि आईचं नाव फक्त त्यांची पालक म्हणून येतं. मुलं सज्ञान झाली की ते नावही जातं. तर कुठं बाईचं नाव मालकांच्या रकान्यात न घालता 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेलं असतं. नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, गारपिटीची भरपाई नाही, पीएम किसानचा हप्ताही नाही. राबायचं तिनं आणि पैसे जमा व्हायचे दुसऱ्याच्या खात्यात!

हे काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज करायचा. तीन महिन्यांत करावा असा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्जाची पोच घ्यायची. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर नवा उतारा काढून आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहायचं. शेत नसेल तरी घर असतंच. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते, तिथंही नाव लावता येतं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याचा निर्णय तर राज्य सरकारनं २००३ सालीच घेतला. नवरा असतानाच ही नोंद झाली, तर पुढची वणवण वाचते.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. पण मोहीम येते आणि जाते, बाईला तिथंच राहायचं असतं. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांना बहिणी आठवतात. भाऊबीज हवीच, पण या भावांना बहिणीच्या हिश्श्याबद्दल बोलताना मी फारसं ऐकलं नाही. महिन्याचे पैसे बंद होऊ शकतात, सातबाऱ्यावरचं नाव असं बंद होत नाही.

कुणी म्हणेल, अशानं घरात भांडणं लागतील. लागतीलही. पण आज भांडण होत नाही ते एकजण मुकाट्यानं सोडते म्हणून. त्याला एकोपा म्हणायचं का?

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची हाही नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर सह्या घेऊन होते. येत्या सभेला जाऊन बसा आणि एकच प्रश्न विचारा – गेल्या पाच वर्षांत गावातल्या ज्या बायांचे नवरे गेले, त्यांतल्या कितीजणींचं नाव उताऱ्यावर आणि नमुना आठवर लागलं? यादी मागा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. सरपंच बाई असेल, तर तिलाही या प्रश्नानं बळच मिळेल.

आणि संक्रांतीला शेजारच्या त्या वहिनींना, काकूंना आवर्जून बोलवा. हळदीकुंकू लावा, वाण द्या. निघताना हळूच विचारा, "उतारा काढलात का? नसेल काढला, तर सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."