प्रणाली मुक्त, सरकार बांधील?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीतील मोडी कागदपत्रांचे गठ्ठे जपून ठेवलेले आहेत. हे ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. तरीही मोडी जाणणारा कोणी शेजारी बसल्याखेरीज त्या कागदांतून सामान्य अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. दार उघडे असणे वेगळे आणि आतले वाचता येणे वेगळे. सरकारी कार्यालयांतील मुक्त सॉफ्टवेअरच्या वादात नेमका हाच भेद विसरला जातो.

ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. ते देणाऱ्या कंपन्या परवान्याचे पैसे घेत नाहीत. मग सरकारी खात्यांशी त्यांची एवढी सलगी कशासाठी, ही शंका जुनी आहे. तिचे उत्तर साधे आहे: पैसा देखभालीत, प्रशिक्षणात आणि वार्षिक वर्गणीत असतो. ते गैर नाही. गैर आहे तो हा व्यवहार परोपकार म्हणून खपवणे आणि सरकारने तो तसाच मानून घेणे.

तमिळनाडूचाच दाखला पुरेसा आहे. २००७च्या सुमारास तेथील ‘एल्कॉट’ या सरकारी महामंडळाने विंडोजऐवजी नॉव्हेल कंपनीची सुसे लिनक्स स्वीकारली. मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी मोडल्याचे समाधान त्यात होते. पण त्याआधीच, नोव्हेंबर २००६मध्ये, नॉव्हेलने त्याच मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून परस्परांच्या ग्राहकांवर पेटंटचे दावे न लावण्याचा करार केला होता. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने त्यावर टीकेची झोड उठवली. पुढे सुसेची मालकी २०११मध्ये अ‍ॅटॅचमेट, २०१४मध्ये मायक्रो फोकस आणि २०१९मध्ये ईक्यूटी अशी तीनदा फिरली. यांपैकी एकाही व्यवहारात ग्राहक सरकारांच्या संमतीचा प्रश्न नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सेंटओएस ८ या विनामूल्य प्रणालीला २०२९पर्यंत साहाय्य मिळेल, असे गृहीत धरले जात होते. तिची पाठीराखी असलेल्या रेड हॅटने डिसेंबर २०२०मध्ये ती मुदत २०२१च्या अखेरीपर्यंत खाली आणली. संहिता मुक्तच होती. वापरणाऱ्यांना मात्र वर्षभरात नवा आसरा शोधावा लागला.

म्हणून बंदिस्त सॉफ्टवेअरकडे परत वळावे काय? मुळीच नाही. बंदिस्त प्रणालीत विक्रेता बदलण्याची वाटच बंद असते. मुक्त प्रणालीत ती निदान असते. सेंटओएसचा आधार सुटल्यावर रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे पर्याय उभे राहिले, ते संहिता खुली असल्यामुळेच. मात्र त्या वाटेने चालायला सरकारचे स्वतःचे पाय हवेत. केरळने शालेय संगणक शिक्षणात लिनक्स आणताना शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण दिले आणि गरजेनुसार प्रणालीत बदल करणारी यंत्रणा सरकारी छत्राखाली ठेवली. नुसती खरेदी आणि आत्मसात करणे यांतील अंतर तेथे दिसते.

केंद्राच्या २०१५च्या धोरणाने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले, हे योग्यच झाले. परंतु प्राधान्य म्हणजे दक्षता नव्हे. निविदेवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने चार गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत. सरकारी खर्चाने केलेल्या बदलांची संहिता खात्याच्या हाती यावी. माहिती खुल्या स्वरूपात साठवली जावी. देखभालीचे काम दुसऱ्या कंपनीला सोपवता यावे. आणि ती संहिता वाचू शकणारे अभियंते खात्यात असावेत. चौथी अट नसेल, तर पहिल्या तीन कागदावरच राहतात.

कंपनीचा हेतू शुद्ध आहे की नाही, याची चौकशी करीत बसण्यात अर्थ नाही. व्यापारी नफा पाहणारच. करारातून सरकारला बाहेर पडता येते की नाही, ही खरी कसोटी आहे. तंजावरच्या गठ्ठ्यांना कुलूप नाही, वाचक हवे आहेत. उद्या सरकारी संगणकांतील दफ्तराचीही हीच गत झाली, तर दोष व्यापाऱ्याचा नसेल.