ताईचा पेट स्कॅन



या वेळचे संपादकीय खरे तर दुसऱ्या विषयावर लिहायचे होते. पण गेले दोन महिने डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, तेव्हा तीच तुमच्यापुढे ठेवतो.

दोह्याच्या दक्षिणेला, अल वक्राकडे, बिरकत अल अवामेर हा गोदामांचा आणि कामगार वसाहतींचा भाग आहे. मी तिथे नोकरीला आहे. सांगलीहून दाजींचा फोन आला तेव्हा गोदामातच होतो. ताईच्या स्तनात गाठ, बायॉप्सीत कॅन्सर. गाठ दीड सेंटिमीटरची, काखेत काही नाही, दुसरा कुठला त्रास नाही. सर्जन म्हणाले होते, पहिली अवस्था आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू, स्कॅनची गरज नाही. मी इथून फर्मान काढले, "दाजी, पैशांकडे बघू नका. आधी पेट स्कॅन करून घ्या."

केला. फुफ्फुसात एक ठिपका उजळला. मग पुन्हा सीटी, मग सुईने तुकडा काढणे, मग रिपोर्टची वाट. ऑपरेशन पाच आठवडे लांबले आणि ठिपका निघाला जुन्या टीबीचा. मधल्या काळात ताईने आपले दागिने कोणाला काय द्यायचे ते वहीत लिहून ठेवले होते.

नंतर वाचत बसलो. (आधी वाचायला हवे होते.) पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात, ज्या पेशी ती जास्त खातात त्या उजळतात. कॅन्सरच्या पेशी खातात, तशाच टीबीच्या आणि साध्या सुजेच्याही. आपल्या देशात ही चूक होण्याची शक्यता किती, हे सांगायला नको. उलट डोळ्याला न दिसणाऱ्या विखुरलेल्या पेशी स्कॅनलाही दिसत नाहीत, म्हणजे "स्कॅन स्वच्छ" ही हमी नव्हेच. ऑपरेशननंतर केमो किंवा हार्मोनच्या गोळ्या देतात त्या त्यांच्याचसाठी.

2001 साली कॅनडात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बोन स्कॅनमध्ये हाडांतला प्रसार सापडण्याचे प्रमाण पहिल्या अवस्थेत 0.5 टक्के, दुसरीत 2.4 आणि तिसरीत 8.3 टक्के निघाले. 2012 साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, प्रसाराचा धोका कमी असलेल्या सुरुवातीच्या स्तनकॅन्सरमध्ये पेट, सीटी आणि बोन स्कॅन करू नका, असे आपल्याच सभासदांना सांगितले. स्कॅन विकणाऱ्यांना हे आवडणार नाही. पण गिऱ्हाईक मीच होतो, डॉक्टरांनी तर नको म्हटले होते.

याचा अर्थ स्कॅन वाईट असा कृपया काढू नका. गाठ मोठी असेल, काखेत गाठी असतील, हाड दुखत असेल, धाप लागत असेल, तर स्कॅन हवाच, कारण त्यावर उपचारांची दिशा ठरते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 350 बायकांवर केलेली चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. निदानाच्या वेळीच कॅन्सर दूर पसरलेला असेल, तर स्तनावर ऑपरेशन आणि रेडिएशन करून आयुष्य वाढत नाही, असे तिच्यात दिसले. म्हणजे प्रसार आधी कळला तर एका बाईचे मोठे ऑपरेशन वाचू शकते.

आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा जालन्याकडचा एक जण आहे. ताईचे ऐकून तो संध्याकाळी माझ्याकडे आला. "साहेब, आमच्या मंडळींच्या छातीत लिंबाएवढी गाठ आहे. आठ महिने बोलली नाही. आता पाठ धरलीय म्हणते." तिला गावातल्या दवाखान्यात पाठीसाठी मलम दिले होते. ज्या बाईला स्कॅनची खरी गरज, तिला तो कोणी लिहूनच दिला नव्हता, आणि माझ्या ताईला नको असताना मी कतारहून रेटून करायला लावला. आपण परदेशस्थ मंडळी घरी नसल्याची टोचणी अशी पैशाने भागवतो, आणि ती भागते भलत्याच ठिकाणी.

त्याच्या बायकोची बायॉप्सी संभाजीनगरला झाली, बोन स्कॅनची तारीख येत्या मंगळवारची मिळाली आहे. त्याची रजा मंजूर झालेली नाही; तिच्याबरोबर तिचा भाऊ जाणार आहे. ताईचे टाके गेल्या शुक्रवारी निघाले. दागिन्यांची वही तिने अजून फाडलेली नाही.