दिव्याखाली अंधार

आमच्या घरी दहा वर्षांचा जुना संगणक आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप त्यात नाही. तो मोडीत घालण्याऐवजी मी त्यावर लिनक्स घातले. संगणक धावू लागला. प्रिंटर मात्र रुसला तो रुसलाच. मनात आले, जगातील सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक २०१७ पासून ज्या लिनक्सवर चालतात, त्याला माझ्या टेबलावरचा एक प्रिंटर वश होऊ नये?

उत्तर पैशाच्या वाटेवर सापडते. लिनस टॉर्वाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले ते स्वतःच्या घरच्या संगणकासाठी. पुढे कंपन्या आल्या. आयबीएम, इंटेल, एचपी आदींनी २००० साली ओएसडीएल ही संस्था काढली. २००७ मध्ये तीच दुसऱ्या एका संस्थेत मिसळून लिनक्स फाउंडेशन झाली. या ओएसडीएलने दूरध्वनी-कंपन्या आणि डेटा सेंटर यांच्यासाठी आधी गट नेमले. टेबलावरच्या संगणकाची पाळी आली २००४ मध्ये.

कुणी म्हणेल, गाभ्यावर झालेल्या खर्चाचा लाभ घरच्या संगणकालाही मिळतो. मान्य! देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींचे लोहित हे मुक्त फाँट रेड हॅट या कंपनीनेच दिले, हेही मी विसरत नाही. परंतु गाभा म्हणजे घराचा पाया. दारे-खिडक्या कोणी बसवायच्या? केडीई आणि ग्नोम यांचा गाडा स्वयंसेवक आणि मोजके पगारी हात ओढतात. जुने संगणक वाचवण्याची 'एंड ऑफ टेन' मोहीमही २०२५ मध्ये अशाच मंडळींनी चालवली.

कंपन्या दुष्ट आहेत असे माझे म्हणणे नाही. गिऱ्हाईक जिथे, दुकान तिथे. सर्व्हरवाला पैसे मोजतो, विद्यार्थी फुकट घेतो. पण टॉर्वाल्ड्स तरी १९९१ मध्ये कोण होता? हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थीच ना? आज टेबलावर खटपट करणारी पोरेच उद्या सर्व्हर सांभाळणार आहेत. झराच बुजला तर विहीर किती दिवस पुरेल?

म्हणून उद्योगसंस्थांनी आपल्या निधीचा ठरावीक वाटा टेबलावरच्या संगणकासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपणही नुसते बोट दाखवू नये. मित्रहो, या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग वाचणारे आपण आहोत. दोन्ही भाषांत भाषांतराचे काम पडून आहे. माझ्या प्रिंटरची रीतसर तक्रार मी नोंदवली आहे. तुम्ही काय नोंदवणार?