मोडक्या पंखांची ओळखपरेड

देहूच्या पंचक्रोशीत ‘विमान’ हा शब्द नवा नाही. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले, ही गोष्ट इथल्या पोराबाळांनाही ठाऊक. ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना ती ‘प्रभात’ने १९३६ साली पडद्यावर दाखवली. त्या विमानाचा सांगाडा कोणी मागत नाही, मागूही नये. भक्तीच्या दप्तरात पंचनाम्याला जागा नसते.

माणसाने लाकूड तासून, कापड ताणून केलेल्या विमानाची गोष्ट मात्र निराळी. समजा, आमच्या देहूरोडच्या एखाद्या भंगाराच्या दुकानात मोडक्या खाटांखाली बारीक लाकडी फासळ्या, तारा आणि फाटके कापड सापडले. वर ना नाव, ना गाव. ओळखायचे कसे?

आधी फासळी पाहावी. वरून फुगीर, खालून चपटी आणि मागे निमुळती असेल, तर ती बहुधा पंखाची. इंजिनाची बैठक नाही आणि नाकाशी किंवा पोटाखाली दोराचा आकडा आहे, तर ते ग्लायडर. दोराने ओढून वर चढवायचे, आणि दोर सुटला की वाऱ्याच्या भरवशावर! मग सरस तपासावा. दुधापासून केलेला केसीनचा सरस ओल लागली की कुजतो. पुढे आलेले रासायनिक सरस ओलीला अधिक दाद देत नाहीत. बोल्टाचे आटे इंची की मेट्रिक, यावरूनही बरेच कळते.

कारखान्याच्या मालाला नकाशा असतो. हडपसरला १९५० साली सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. १९६१ साली प्रथम उडालेले ‘रोहिणी’ हे दोघांना शेजारी-शेजारी बसता येईल असे भारतीय बनावटीचे लाकडी ग्लायडर. असल्या यंत्राचा तुकडा नकाशाशी ताडून पाहता येतो. घरी केलेल्या ग्लायडरला तो आधार कुठला? तिथे डावी फासळी उजवीशी जुळत नाही, चुकलेले छिद्र बुजवलेले असते. पण तीच त्या कारागिराची सही!

हे मी सांगत होतो तेव्हा आमचे शेजारी अण्णा एकदम उसळले. “मग तळपद्यांचे काय?”

प्रश्न रास्त होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान माणसाशिवाय उडवले, ते १५०० फूट चढले, असे सांगतात. पुढे त्याचे अवशेष रॅली ब्रदर्स कंपनीला विकले गेले, असेही सांगतात. सगळे ‘सांगतात’च! त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, यंत्राची एक फासळीही नाही. या कथेला नेहमी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली छाननी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

“म्हणजे तळपदे खोटे?” अण्णांचा आवाज चढला.

“तसे नव्हे, अण्णा. ग्रंथ निकालात निघाला म्हणून माणूस निघत नाही. पण राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फूट लांबीचे. आपल्या घराच्या गल्लीइतके! तरी जग ते मानते, कारण छायाचित्र आहे आणि पाहणारे साक्षीदार होते. आपल्याकडे १५०० फूट आहेत आणि हाती काही नाही. अभिमान बाळगायचा, तर तो कशावर उभा करायचा?”

अण्णा गप्प बसले. पटले म्हणून नव्हे, वाईट वाटले म्हणून. मलाही वाटले. एखाद्या मराठी माणसाने खरोखर रात्रीचा दिवस करून यंत्र बांधले असेल आणि त्याची एक काडीही आपण जपली नसेल, तर अन्याय त्याच्यावर झाला आणि तो शंका घेणाऱ्यांनी केलेला नाही.

उलट बाजूही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. शंभर वर्षांनी त्याचा तुकडा कुणाला सापडला, तरी तो अनाथ ठरणार नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांनी केलेले एखादे विचित्र यंत्र निघाले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करा : त्याचे छायाचित्र काढा आणि कोणी केले, कधी केले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून ठेवा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.