यांचा रिपोर्ट आणि माझा रिपोर्ट



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी आम्हा दोघांचं रक्त एकाच सकाळी तपासलं. मधुमेह दोघांनाही आहे. यांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आला ११८ आणि माझा १४६. त्या संध्याकाळी यांच्या पोळीवरचं तूप बंद झालं, मुलाने वडिलांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली, आठवड्यात गोळीही सुरू झाली. माझा कागद फ्रिजवर लग्नपत्रिकांखाली गेला. तो तिथे मीच ठेवला, हे आधी कबूल करते.

चार महिन्यांनी जिना चढताना दम लागू लागला तेव्हा तो बाहेर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “इतके दिवस का थांबलात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आपल्या मंदिरातल्या ओट्यावर जी उत्तरं रोज ऐकू येतात, त्यांच्याशी मला आज भांडायचं आहे.

पहिलं उत्तर: “आपण शाकाहारी, कंदमूळसुद्धा खात नाही, आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल?” अहो, बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. त्यात साजूक तूप, वनस्पती तुपातली मिठाई आणि तळलेल्या फरसाणाची भर आपण घालतो. वर मधुमेह असला की ट्रायग्लिसराइड चढतात आणि चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, उतरतं.

दुसरं उत्तर: “हार्टचा त्रास पुरुषांना, बायकांना नाही.” पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे आपल्याला थोडं संरक्षण असतं, हे खरं. पण पाळी गेली की एलडीएल वाढायला लागतो, आणि पन्नाशीनंतर बायकांचं एकूण कोलेस्टेरॉल सरासरीने पुरुषांच्या पुढे जातं. मधुमेह तर ते संरक्षण पाळी जाण्याचीही वाट न पाहता कमी करतो. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातून १९७९ मध्येच हे पुढे आलं होतं. पुढे २०१४ साली ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो, ती पट बायकांमध्ये पुरुषांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त निघाली.

आता एक गंमत बघा. आमचा दोघांचा एचडीएल सारखाच होता, ४२. यांना तो चालतो, कारण पुरुषांत ४० च्या खाली गेला तर कमी मानतात. बायकांची रेषा ५० वर आहे. म्हणजे तोच आकडा यांच्या कागदावर ठीक आणि माझ्या कागदावर कमी. आमच्या रिपोर्टवर दोघांसाठी एकच मर्यादा छापली होती, त्यामुळे माझ्या आकड्याखाली रेघसुद्धा नव्हती.

आणि गोळी? अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ४० ते ७५ वयाच्या मधुमेह्यांना स्टॅटिन सुचवते. त्यात नवरा-बायको असा भेद नाही. तरीही कितीतरी देशांच्या पाहण्यांत मधुमेही बायकांना ही गोळी कमी मिळते आणि त्यांचा एलडीएल पुरुषांपेक्षा कमी वेळा आटोक्यात येतो. दम लागला, जबडा किंवा पाठ दुखली, मळमळलं, तर आपल्याला अ‍ॅसिडिटीची पुडी मिळते. कितीदा ती आपणच घेतो.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड: “आपलं काय, घरच्यांचं आधी.” याला आपण त्याग म्हणतो. मला ते पटत नाही. आपल्या बाह्य तपांत उपवासानंतर लगेच अवमौदर्य येतं, भुकेपेक्षा कमी खाणं. रसपरित्यागही आहे, तूप-साखर सोडणं. आपण उपवास तेवढा धरतो आणि पारण्याला तुपातला शिरा वाढतो. वर सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं संपवतो, अन्न वाया जाऊ नये म्हणून. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या बाईने स्वतःच्या जिवाची हेळसांड करावी, ही कुठली अहिंसा?

म्हणून सांगते. साखरेबरोबर वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल करा. डॉक्टरांना थेट विचारा, “माझा एलडीएल किती हवा, आणि मला स्टॅटिन का नाही?” जिलेटिनच्या कॅप्सूलची शंका असेल तर साधी गोळी मागा. मधुमेहाचं औषध चालू असताना उपवास धरायचा असेल तर आधी त्यांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आमच्या फ्रिजवर आता दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी लावलेत. परवा यांनीच विचारलं, “तुझी गोळी घेतलीस का?” सव्वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आला. तुमचा कागद कुठे आहे, तो आज शोधा.