बाटलीआधी टायमर

अ‍ॅक्वेरियमच्या काचेवर हिरवे ठिपके आणि पानांच्या कडांना काळे केस दिसू लागले की ग्राहक शेवाळाचे औषध मागायला येतो. बाटली हातात देण्याआधी त्याला एक प्रश्न जरूर विचारा : लाइट कधी लागतो, कधी बंद होतो? ‘सकाळी उठल्यावर लावतो, झोपताना बंद करतो’ असे उत्तर आले, तर दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

उजेड, कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि खत यांतले जे कमी पडेल, तिथे प्लांट्सची वाढ अडते. सीओटू न जोडलेल्या, दाट लावलेल्या टँकमध्ये लाइट लागल्यावर काही तासांतच पाण्यातला कार्बन उतरतो. पुढचा उजेड प्लांट्सच्या फारसा कामी येत नाही; शेवाळाचे मात्र फावते. अशा टँकला ४ तास उजेड, ४ तास विश्रांती आणि पुन्हा ४ तास उजेड मानवतो. अ‍ॅक्वेरियमविषयक लेखिका डायना वॉलस्टॅड यांनी दुपारच्या या विश्रांतीचा पुरस्कार केला, तो याच कारणासाठी : त्या वेळेत कार्बन पुन्हा भरून येतो.

नव्या टँकला पहिले काही आठवडे ६ तास पुरेत. मुळे धरली, नवी पाने फुटली की सावकाश ८ तासांवर न्यावे. सीओटू असेल तर तो लाइटच्या तासभर आधी सुरू व्हावा आणि तासभर आधीच बंद व्हावा. लाइट लागताना, पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर हिरवा हवा. निळा असेल तर गॅस कमी पडतो आहे. कॅबोम्बाचे शेंडे लाइट चालू असतानाच मिटू लागले, तर प्लांटचा दिवस संपला असे समजावे.

ग्राहक संध्याकाळी सातला घरी येत असेल, तर दुपारी ३ ते रात्री १० अशी वेळ बसवून द्या. खिडकीतून थेट पडणारे ऊनही हिशेबात धरा. चक्रीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमरच बसवावा.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि दोन आठवडे थांबावे. तास, सीओटू आणि खत एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

व्यावसायिक बांधवांना आग्रहाची विनंती : यापुढे टायमरशिवाय लाइट विकू नका, आणि वेळापत्रक लिहून कॅबिनेटच्या दारावर चिकटवल्याशिवाय टँक ग्राहकाच्या हवाली करू नका.